जर्मनची मान

आमच्या बुऱ्हाणपुरात ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा, जर्मनची परात. का म्हणतात ते कुणाला ठाऊक नाही आणि कुणी विचारतही नाही. त्यामुळे आप्पांच्या बास गिटारची मान जर्मनची आहे हे जेव्हा आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकांनी बॅनर छापणाऱ्याला सांगितलं, तेव्हा त्यानं त्याच्या परीनं ते समजून घेतलं. पुढच्या लग्नसराईत स्टेजच्या मागे हिंदीत भलीमोठी ओळ झळकली: ‘जर्मनी से मँगवाया हुआ बास गिटार’. आप्पांनी ती चष्मा वर करून वाचली, मग चष्मा खाली करून वाचली आणि म्हणाले, “मँगवाया कायचा? इतवाऱ्यात बनवाया.”

बॅनर काही बदलला नाही. लोक जर्मनीची गिटार पाहायला स्टेजजवळ यायचे आणि आप्पा प्रत्येकाला तितक्याच मनापासून सांगायचे की ही जर्मनीची नाही, जर्मनची आहे. ऐकणारा मान डोलवायचा आणि घरी जाऊन सांगायचा की ती जर्मनीचीच आहे, म्हातारा लपवतो.

आप्पांचं इतवारा मोहल्ल्यात छोटं वर्कशॉप होतं. एक लेथ, एक शेपर मशीन आणि भिंतीला टेकलेली एक खुर्ची, जिच्यावर गिऱ्हाइकानं बसायचं नाही, कारण तिच्यावर गिटार बसायची. दिवसभर पॉवरलूमचे सुटे भाग बनवायचे, लग्नाचा मोसम आला की आमच्याबरोबर बास वाजवायचे. मी शाळेत गणित शिकवते आणि सुट्ट्यांत कीबोर्ड वाजवते. यातलं दुसरं काम आमच्या घरात अजून कुणाला पटलेलं नाही. आप्पांना मात्र पहिलं पटलं नव्हतं. “गणित शिकवून काय करते? गणित वाजव,” असं ते म्हणायचे, आणि याचा अर्थ विचारला की लेथ सुरू करायचे.

बास म्हणजे चार जाड तारांची गिटार. तिचा आवाज कानाच्या आधी छातीला कळतो. ऑर्केस्ट्रात ती नसली तर लोकांना काय कमी आहे ते सांगता येत नाही, नुसतं जेवणात मीठ नसल्यासारखं वाटत राहतं. आणि मराठीत तिचं नावच असं की विचारू नका. कुणी कौतुकानं “बास!” म्हणून ओरडलं की आप्पा तार दाबून थांबायचे. “काय करू?” ते म्हणायचे. “माझं वाद्यच असं आहे. नाव घेतलं तरी बंद करा म्हटल्यासारखं होतं.”

तर ही मान. गिटारची मान म्हणजे तिची लांब दांडी, जिच्यावर तारा ताणलेल्या असतात आणि पडदे बसवलेले असतात. साऱ्या दुनियेत ती लाकडाची असते. आप्पांची पहिली गिटारही तशीच होती, इंदूरहून आणलेली. पण आमच्याकडे उन्हाळ्यात माणसं वाळतात तिथं लाकडाचं काय. पहिल्या उन्हाळ्यात मान मागे वाकली, पावसाळ्यात पुढे वाकली आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तडकली. सगळं आयुष्य लोखंड सरळ करण्यात घालवलेला माणूस हे किती दिवस सहन करणार? त्यांनी लोखंडाची मान बनवली. ती इतकी जड झाली की वाजवताना डावा खांदा खाली यायचा आणि पाहणाऱ्याला वाटायचं आप्पा काहीतरी सांडलेलं शोधताहेत. मग पितळेची बनवली. तिचा आवाज देवळासारखा यायचा आणि तळहात हिरवे व्हायचे. तिसरी जर्मनची. भंगारातून आणलेला जाड बार त्यांनी दोन महिने शेपरवर तासला, पाठीकडून पोकळ केला, घासून घासून आरशासारखा केला आणि जुन्या हातमागाच्या सागवानी फळीच्या धडाला बोल्टनं आवळला. त्या मानेत तुम्हाला तुमचं तोंड दिसायचं, फक्त खूप लांबट.

त्यांची स्वतःची मान मात्र लेथवर वाकून वाकून कायमची पुढे आलेली होती. भैया, म्हणजे आमचे मालक आणि गायक, कधी कधी चिडवायचे, “आप्पा, गिटारची सरळ केली, आता तुमची शेपरवर घ्या.” आप्पा म्हणायचे, “माझी लाकडाची आहे. नाही होत.”

कित्येक वर्षं त्यांना वाटत होतं की धातूच्या मानेची गिटार जगात एकच आहे. एका दुपारी मी त्यांना फोनवर फोटो दाखवले. परदेशात काही कारागिरांनी अशा माना बनवल्या होत्या, मोजक्याच, आणि आता त्या म्हणे शोधूनही मिळत नाहीत. एकीचं डोकं, म्हणजे खुंट्यांकडचं टोक, बेचकीसारखं दोन फाट्यांचं होतं. एकीच्या डोक्यात मधोमध आरपार खिडकी कापलेली. एकीची मान थेट धडातून शेवटपर्यंत गेलेली, माशाच्या काट्यासारखी. मला भीती वाटत होती की त्यांना वाईट वाटेल. आपली एकुलती एक म्हणून जपलेली गोष्ट दुसऱ्यानं आधीच करून ठेवली आहे हे कुणाला आवडतं? आप्पांनी चष्मा पुसला आणि एकेक फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. बेचकीवर ते बराच वेळ थांबले. “वजन काढलं त्यानं डोक्यातलं,” ते पुटपुटले. “शहाणा आहे.” मग फोन मला परत देऊन खूप समाधानानं म्हणाले, “म्हणजे तिकडेही कुणाची तरी मान वाकली होती.”

त्या दिवसापासून ते त्या अनोळखी कारागिरांविषयी नातेवाइकांसारखे बोलायचे. बेचकीवाला. खिडकीवाला. “खिडकीवाल्यानं थंडीचं काय केलं असेल?” असं मध्येच, चहा पिताना. त्यांच्या इतवाऱ्यातल्या त्या अंधाऱ्या खोलीत समुद्रापलीकडची दोन-तीन माणसं कायमची येऊन बसली होती असं मला वाटायचं.

थंडीचा प्रश्न खरा होता. धातू थंडीत आकसतो, तारा सैल पडतात आणि सूर उतरतो. उन्हात उलटं. म्हणून हिवाळ्यात ती गिटार गोधडीत प्रवास करायची आणि उन्हाळ्यात ओल्या गमछ्यात. एकदा माघातल्या लग्नात मंडपामागे बसून आप्पा दोन्ही तळहातांनी मान चोळत होते आणि मला म्हणाले, “आखडली व मान. वेळ लागेल.” शेजारून जाणाऱ्या एका म्हातारीनं ते ऐकलं. पाच मिनिटांत ती वाटीत कोमट तेल घेऊन आली आणि आप्पांच्या मागे उभी राहून त्यांची मान रगडायला लागली. आप्पांनी डोकं थोडं खाली केलं. म्हातारी त्यांची मान चोळत होती, ते गिटारची चोळत होते, आणि असे ते दोघं हिवाळ्यातल्या उन्हात बराच वेळ, डोळे मिटून. नंतर मी विचारलं, सांगितलं का नाही तिला? म्हणाले, “इतक्या मायेनं चोळून राहिली होती. आणि बरंही वाटलं.”

आता त्यांच्या सुराविषयी सांगायला हवं, कारण सगळं पुढचं त्यातून झालं.

वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला लागून विजेची डीपी होती, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. राखाडी, तेलकट आणि अखंड गुणगुणणारी. आप्पा सगळ्यात बारीक तार त्या गुणगुणण्यावर लावायचे आणि बाकीच्या तीन तिच्यावरून. मी कीबोर्डवरून सूर देऊ का विचारलं तर हात हलवायचे. “पेटीचा काय भरोसा?” कीबोर्डला ते पेटीच म्हणायचे. “पेटी बदलते, गाणारा बदलतो. डीपी एकच सूर धरून आहे. मी खंडव्याला ऐकली, जळगावला ऐकली, असीरगडाच्या पायथ्याला ऐकली. तोच सूर. अख्खा हिंदुस्थान एका सुरात गाऊन राहिला, पोरी. तुझी पेटी तेवढी उतरलेली आहे.”

मी हसले होते. मग घरी जाऊन वाचलं, आकडे मांडले, आणि हसू मावळलं. वीज देशभर एकाच गतीनं थरथरते, म्हणून डीपीचा सूर सगळीकडे तोच असतो. आप्पांचं शब्दशः खरं होतं. अडचण एवढीच की कीबोर्ड बनवणाऱ्यांनी डीपीला विचारलं नव्हतं. त्यांच्या सुरापेक्षा डीपी चिमूटभर वर होती, एका पट्टीचा जेमतेम तिसरा हिस्सा.

कधी कधी दुपारी लाइट जायची. तुम्ही बुऱ्हाणपूरचे नसाल तर तुम्हाला ते कळणार नाही. गल्लीगल्लीतले लूम एकदम थांबतात. जो खडखडाट आपण जन्मल्यापासून ऐकत आलो आणि म्हणून कधीच ऐकला नाही, तो नसल्यामुळे ऐकू येतो. मग एकेक गोष्ट वर येते: कबुतरांचे पंख, कुणाच्या तरी माडीवर भांडं ठेवल्याचा आवाज, लांबून तापीवरचा वारा. अशा वेळी आप्पा हातातलं काम तसंच धरून उभे राहायचे. “सा गेला,” ते म्हणायचे, अगदी हळू, घरातलं कुणी बाहेर गेल्यासारखं. मीही हातातला कप खाली ठेवायचे. ऊन दारातून आत येऊन गिटारच्या मानेवर पडायचं आणि छतावर एक पांढरी पट्टी हलत राहायची. मग कुठेतरी खटका पडायचा, भिंतीमागून गुणगुण सुरू व्हायची, आणि आप्पा श्वास सोडून लेथचं चाक फिरवायचे. माझ्या आयुष्यातल्या किती दुपारी मी अशा घालवल्या ते आठवत नाही. वाया गेल्या असं मात्र कधी वाटलं नाही.

अशाच एका दुपारी, लाइट नसताना, त्यांनी मला सांगितलं, “हनुवटी टेक इथं.” गिटार विजेला जोडलेली नव्हती. मी वाकून मानेच्या टोकावर हनुवटी ठेवली. धातू कोमट होता. त्यांनी सगळ्यात जाड तार एकदाच छेडली. खोलीत जवळजवळ काहीच ऐकू आलं नाही, पण माझ्या दातांतून, कवटीतून, पाठीच्या कण्यातून तो सूर खाली उतरत गेला. लहानपणी तापीत बुडी मारली की पाण्याखाली जसं सगळं जग लांब जातं आणि जवळही येतं, तसं झालं. तो किती वेळ टिकला सांगता येत नाही. मी डोकं वर उचललं तेव्हा आप्पा माझ्याकडे पाहत होते. “लाकूड सूर पिऊन टाकतं,” ते म्हणाले. “जर्मन परत करतं.”

आप्पा गेले त्याला आता दोन हिवाळे झाले. गिटार त्यांच्या मुलीकडे दापोऱ्याला आहे, गोधडीत. मी हे लिहिते आहे ते मात्र त्यांचे गुण गाण्यासाठी नाही. मी त्यांच्याशी एक गोष्ट केली होती, ती सांगून टाकायची आहे.

भैयांनी नवीन साउंड घेतला. माणसाएवढे स्पीकर, आवाज काचेसारखा साफ. जुन्या साउंडमध्ये बास म्हणजे नुसता घुमणारा ढग होता. तो कुठल्या सुरात आहे ते कुणाला कळत नव्हतं. आता कळायला लागलं. दोन-तीन प्रोग्राममध्ये लोकांनी तोंडं वाकडी केली. एका वरपित्यानं सरळ येऊन सांगितलं की तुमच्यात कुणीतरी बेसूर आहे.

भैया माझ्याकडे आले. “मॅडम, काहीतरी करावं लागेल.”

“सांगा ना त्यांना तार थोडी उतरवायला.”

“दहा वेळा सांगितलं. म्हणतात, तुम्ही पेटी चढवा. आता पेटी कधी चढते का?” भैयांनी कपाळ पुसलं. “काढून टाकू म्हटलं तर जीभ नाही रेटत. माझ्या पहिल्या प्रोग्रामला बाजूला हेच उभे होते, पाय कापून राहिले होते माझे. असं करा, मिक्सर तुमच्या बाजूला ठेवतो. त्यांचं बटण खाली ओढून ठेवा. बास तुम्ही डाव्या हातानं वाजवा पेटीवर. त्यांच्या पायाशी त्यांचा छोटा स्पीकर आहेच, त्यांना त्यांचं ऐकू येईल. त्यांचा मान राहील, आपला सूर राहील.”

मराठीत तो मान वेगळा आणि ती मान वेगळी. तो मान राखायचा म्हणून त्या मानेचा आवाज बंद करायचं ठरलं. आणि बटण माझ्या बोटाखाली होतं. मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही. खरं सांगायचं तर डाव्या हातानं बास वाजवून पाहण्याची मला हौसही होती, आणि हे कबूल करायला मला इतकी वर्षं लागली.

तो अख्खा मोसम आप्पा वाजवत होते आणि बाहेर एक थेंबही जात नव्हता. गोरज मुहूर्ताच्या धुळीत, दिवे लागताना, डोळे अर्धे मिटून ते वाजवायचे, आणि समोर नाचणाऱ्यांच्या छातीत घुमत असायचा तो माझा कच्चा, अडखळता डावा हात. मला बासच्या चाली येत नव्हत्या. मी आप्पांच्या बोटांकडे पाहून वाजवायचे. बरं झालं, त्याच मोसमात त्यांना एक नवीन खूळ लागलं होतं: पब्लिककडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून उभं राहायचं. भैया ओरडले तर म्हणाले, “माझं लगीन आहे का, तोंड पाहायला?” त्या चकचकीत मानेवर त्यांची चारही बोटं मला स्वच्छ दिसायची. ते थोडं आधी हलायचे, मी थोडं मागून.

प्रत्येक प्रोग्राम संपला की वायर गुंडाळताना ते विचारायचे, “कसं वाजलं व आज?”

“छान वाजलं, आप्पा.”

“हं. सुधारून राहिलं.”

शाळेच्या तपासणीतसुद्धा मी इतकं खोटं बोलले नव्हते.

मग दापोऱ्याचं ठरलं. आप्पांची मुलगी तिथं केळीच्या बागाईतदाराच्या घरात दिलेली. तिच्या मुलीची, म्हणजे आप्पांच्या नातीची हळद, आणि हळदीला आमचाच ऑर्केस्ट्रा. गाणी ठरवायला मुलीनं मला फोन केला. बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला. “मॅडम, एक सांगू का? माझ्या सासऱ्यांनी मागे शहरात एका लग्नात तुमचा प्रोग्राम पाहिला. घरी येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, तुझा बाप स्टेजवर नुसता हात हलवतो, हात थांबला तरी आवाज चालूच, त्याचा नाहीच तो, शोभेला उभा केलाय. तेव्हापासून जेवताना रोज काहीतरी बोलतात. मी बाबांना नाही सांगितलं. हळदीला तेवढं जरा जोरात लावाल का त्यांचं?”

मी हो म्हटलं. बटण खाली ठेवलं तर आप्पा स्वतःच्या नातीच्या हळदीत, व्याह्यांच्या डोळ्यांदेखत, मुके उभे राहणार. वर केलं तर बेसूर वाजणार, तेही व्याह्यांच्याच कानांदेखत. भैयांना विचारलं. ते म्हणाले, “खालीच ठेवा मॅडम. बेसूरपेक्षा मुकं बरं.”

दोन दिवस मी त्यावर विचार केला. दुसऱ्या दिवशी मुलांना समीकरण सोडवून देताना मी म्हटलं, “दोन्ही बाजू सारख्या करायच्या असतील तर दर वेळी उजवीच बाजू का बदलता? डावी बदला.” खडू हातात तसाच राहिला. आप्पा तार उतरवत नव्हते. पेटी चढवता येत नाही असं कुणी सांगितलं होतं? भैयांनी. आणि मी, गणिताची बाई, ते ऐकून घेतलं होतं! घरी येऊन कीबोर्डचं पुस्तक उघडलं. पाचव्या पानावर होतं. सगळ्या पेटीचा सूर एका आकड्यानं वर-खाली करता येत होता. चारशे चाळीसवर होता. मी संध्याकाळी इतवाऱ्यात गेले आणि आप्पांच्या वर्कशॉपमागे डीपीखाली फोनवर सूर मोजायचं ॲप लावून उभी राहिले. “मॅडम, लाइट बिलाचं काही आहे का?” एका बाईनं विचारलं. मी म्हटलं, “हो, जुनी बाकी आहे.” त्यावरून पेटीचा आकडा आला चारशे एकोणपन्नास.

हळदीचा दिवस वैशाखातला. सकाळचे दहा वाजले होते तरी मंडपाचं कापड तापलेलं. चारही बाजूंना केळी, इतक्या की हिरवा उजेड आत येत होता आणि सगळ्यांची तोंडं पाण्याखाली असल्यासारखी दिसत होती. नात पाटावर बसली. आप्पांचे व्याही, पांढऱ्या टोपीतले आडदांड गृहस्थ, पहिल्या खुर्चीवर हाताची घडी घालून. आप्पांनी ओला गमछा मानेवरून काढला आणि माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. मी आकडा चढवला, डावा हात मांडीवर ठेवला, आणि त्यांचं बटण वर सरकवलं.

पहिला सूर बाहेर गेला तेव्हा मंडपाचे खांब थरथरले. मी उजव्या हातानं त्याच्यावर स्वर ठेवले आणि ते बसले. इतकी वर्षं एकाच घरात राहून भिंतीआडून बोलणारी दोन माणसं समोरासमोर यावीत तसे बसले. आप्पांनी डोळे उघडले. वाजवता वाजवता माझ्याकडे झुकून म्हणाले, “आज पेटी सुरात आहे तुझी.”

तिसऱ्या गाण्यापर्यंत उकाड्यानं मान तापली आणि त्यांचा सूर अजून किंचित चढला. मी आकडा एकनं वाढवला. पाचव्याला परत एकनं. भैया गाता गाता गळा चोळत होते आणि त्यांना कळत नव्हतं की आज सगळं उंच का वाटतंय. त्या सकाळी आमचा सगळा ऑर्केस्ट्रा त्या मानेच्या मागे मागे चालला होता, ती जाईल तिथं. बायका नाचत होत्या. हळद उडत होती. व्याह्यांनी हाताची घडी सोडली, एक हात पोटावर ठेवला आणि शेजारच्याला ओरडून म्हणाले, “अरे, हे तर पोटात वाजून राहिलं!” आप्पांच्या मुलीनं पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली.

जेवणं झाली. मी आणि आप्पा केळीच्या कडेला बाजेवर ताटं घेऊन बसलो. वरण-बट्टी होती. पानांतून वारा जात होता. मी काही बोलायच्या आधीच आप्पा म्हणाले, “आज बाहेर सोडलं मले.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्याच दिवसापासून.” त्यांनी बट्टी कुस्करली. “आवाज बाहेर गेला की मोठ्या स्पीकरातून फिरून मानेत येतो. लाकडाला नाही कळत, जर्मनला कळतं. त्या दिवशी मानेत माझा सूर आलाच नाही, दुसराच आला. म्हटलं, हे कोण वाजवून राहिलं? मग पाहिलं, तुझा डावा हात.”

“मग बोलला का नाहीत? इतके महिने?”

“काय बोलू? हात नवा होता. नव्या हाताला मध्येच टोकलं की तो घाबरतो, मग जन्मभर कच्चा राहतो.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बोटं नीट दिसत होती ना तुले, मी तोंड फिरवून उभा राहायचो तेव्हा?”

मी मान डोलवली. मग मी विचारलं, “आणि आज मी बंदच ठेवलं असतं तर?”

“तर काय. नातीची हळद आहे. वाजवलं तर असतंच.”

“आप्पा,” मी म्हटलं, “माझं चुकलं.”

“चुकलं ना,” ते लगेच म्हणाले. “दुसऱ्या कडव्यात. उतरताना घाई करते तू. मी कितीदा बोट थांबवून दाखवलं, तुझं लक्षच नाही.”

मला रडू आलं. त्यांना ते दिसलं नसेल असं नाही. त्यांनी ताट बाजूला ठेवलं, धोतराला हात पुसले आणि मांडीवर बोटांनी ते कडवं वाजवून दाखवायला लागले, हळू, माझ्या डाव्या हाताला जमेल इतकं हळू.